‘आता उपाय नाही’ म्हटल्यानंतर

मिरज हे आमच्या भागाचं दवाखान्याचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय उभं केलं, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आज जत-आटपाडीपासून पार विजापूर-बेळगावपर्यंतची माणसं आपापली दुखणी घेऊन मिरजेत उतरतात. त्यांत डोळ्यांचे रुग्ण पुष्कळ. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांची पट्टी निघते, त्यांना नातवाचं तोंड दिसतं आणि घरचे सुखावून परत जातात. पण त्याच बाकावर कधी एखादा सतरा वर्षांचा मुलगा वडिलांशेजारी बसलेला असतो. डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केलेल्या असतात. नंबर लागतो, डॉक्टर पडदा तपासतात आणि वडिलांना सांगतात की हा पडद्याचा आजार आहे, यावर आता उपाय नाही, दिसणं हळूहळू कमी होत जाईल. बोलणं सगळं वडिलांशी होतं. मुलगा तिथंच बसलेला असतो. परतीच्या एसटीत दोघंही गप्प. घरी आई विचारते, “काय म्हणाले?” वडील म्हणतात, “ड्रॉप दिलेत.”

पुढल्या पानांचा विषय त्या उत्तरापासून सुरू होतो. वैद्यकानं हात टेकले की मुलाच्या मनाचं काय होतं, त्या वेळी त्याला कोण भेटायला हवं, आणि सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांत ती भेट घडवून आणायची कशी, याचा हा विचार आहे. माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. दृष्टी गेलेल्या तरुणाला धीर देणं आणि त्याला एकट्यानं रस्ता ओलांडायला शिकवणं ही दोन कामं नव्हेत, एकच आहे. आपण मात्र त्याची वाटणी करून टाकली. धीर देणारे काठी हातात देत नाहीत, आणि काठ्या वाटणारे ती कोपऱ्यात का पडून आहे हे विचारत नाहीत.

वर ज्या आजाराचा उल्लेख केला त्याचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. पडद्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी एकेक करून निकामी होतात. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं, आणि पुढं समोरचा थोडासा भाग तेवढा उरतो. बहुतेक वेळा तो आनुवंशिक असतो आणि नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची रीत आपल्याकडे अजून गेलेली नाही. त्यामुळं डॉक्टर विचारतात, “लग्न नात्यातलं का?” दवाखान्यात हा प्रश्न माहितीसाठी असतो. घरी आल्यावर तो आरोप होतो. आई मनात म्हणते, माझ्या माहेरच्या रक्तानं पोराचं वाटोळं केलं. सासू तेच मोठ्यानं म्हणते. मुलगा पलीकडच्या खोलीत सगळं ऐकत असतो आणि आपल्यामुळं घर मोडतंय अशी खूणगाठ बांधतो. नजर कमी होण्याच्या दुःखावर हे दुसरं दुःख चढतं, आणि याची नोंद कोणत्याच केसपेपरवर होत नाही.

दृष्टी जाण्याची कारणं इतरही आहेत. जन्मजात काचबिंदू, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा आजार, अपघात, फटाके. आपल्या ऊसपट्ट्यातलं एक कारण वेगळं सांगायला हवं. उसाच्या पातीला करवतीसारखी धार असते. तोडणीच्या वेळी ती बुबुळाला लागते, जखमेत बुरशी शिरते, आणि रानातच कुणीतरी सांगितलेलं औषध घातल्यानं चार दिवस वाया जातात. तेवढ्यात बुबुळावर फूल पडतं. ज्याचा डोळा असा जातो त्याला अपराधी वाटण्याचंही निराळं कारण मिळतं: लवकर गेलो असतो तर.

तरी सगळ्यांत अवघड असतं ते अर्धवट दिसणं. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाला, घरानं साथ दिली तर, आपलं जग आवाज-स्पर्शावर उभं करता येतं. त्याला काही गमावल्याची आठवण नसते. ज्याचं सगळं एकदम गेलं त्याच्याभोवती निदान माणसं जमतात. पण ज्याचं थोडं गेलंय आणि थोडं उरलंय त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. तासगावच्या द्राक्षपट्ट्यातलं एखादं गाव घ्या. शाळेच्या मैदानावर पोरं टेनिस बॉलनं खेळतात. साडेपाचपर्यंत हा मुलगा चांगला खेळतो, कॅचही घेतो. ऊन उतरलं की त्याला चेंडू सापडत नाही. सहाच्या सुमाराला तो “आई हाक मारतीय” म्हणून निघतो. आई हाक मारत नसते. तो अंधाराच्या आत घर गाठत असतो. एखाद्या दिवशी उशीर होतो, चरात पाय जातो, वाटेतल्या मोटारसायकलला धडकतो, आणि पारावरचं कुणीतरी म्हणतं, “आत्तापास्नंच प्यायला लागलं बघा.” दुसऱ्या दिवशी तो मैदानावर जात नाही. मित्र विचारतात तर म्हणतो, अभ्यास आहे. हळूहळू मित्र विचारायचे थांबतात. त्याला नेमकं काय होतंय हे एकालाही माहीत नसतं, कारण त्यानं सांगितलेलं नसतं, आणि सांगायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

असा मुलगा आपली बरीचशी ताकद लपवण्यात घालवतो. फळ्यावरचं वाचल्याचं सोंग, ओळखीचा माणूस समोरून गेल्यावर न ओळखल्याबद्दल खाल्लेल्या शिव्या, लग्नात पंगतीत वाढप्याचा हात न दिसल्यानं सांडलेली आमटी. दिवसभर सावध राहून तो थकतो. घरच्यांना तो चिडका, आळशी वाटतो. शिक्षकांना अभ्यासात मागं पडलेला. माझ्या मते आधाराची सगळ्यांत जास्त गरज याला असते, आणि दिव्यांगत्वाच्या टक्केवारीत मात्र तो अनेकदा चाळिसाच्या खाली बसतो, म्हणजे सवलतींच्या बाहेर.

दृष्टी गेल्यावर माणूस नेमकं काय गमावतो, याचा बारकाईनं विचार अमेरिकेतल्या थॉमस कॅरोल या धर्मगुरूंनी केला. दुसऱ्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांबरोबर त्यांनी काम केलं होतं. १९६१ सालच्या त्यांच्या पुस्तकात वीस प्रकारचे तोटे सांगितले आहेत. चालणं-फिरणं, छापील अक्षर, नोकरी, पैसा हे त्यात आहेतच. पण त्या यादीत एक तोटा असा आहे की तो वाचला तेव्हा मला आपलीच गावं आठवली: गर्दीत कुणाच्या नजरेत न भरता वावरण्याची मोकळीक जाणं. विट्याच्या किंवा कराडच्या बाजारात वीस वर्षांचा कोणीही पोरगा कुणाच्या लक्षात न येता तासभर भटकू शकतो. पांढरी काठी घेतलेल्या पोराला ते शक्य नाही. त्याला पाहून बाजार क्षणभर थांबतो. कुणीतरी हाताला धरून, न विचारता, त्याला जायचं नसलेल्या दिशेला नेतं. कुणी हातावर दहाची नोट ठेवतं. तो बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच्या खिशात स्वतःचे पैसे आहेत, आणि तो चप्पल घ्यायला आलेला आहे. नोट परत करावी तर देणाऱ्याचा अपमान, ठेवावी तर स्वतःचा. या एका प्रसंगानंतर महिनाभर घराबाहेर न पडलेली मुलं आहेत.

म्हणून काठी कोपऱ्यात पडून राहते. काठी वाईट नसते. ती घेतली की आपण कोण हे गावाला जाहीर होतं, आणि ते जाहीर करायला मन तयार नसतं. पांढऱ्या लांब काठीनं चालण्याचं तंत्र रिचर्ड हूवर यांनी १९४० च्या दशकात सैनिकांसाठी बसवलं. काठी छातीच्या हाडापर्यंत उंच हवी. मनगट पोटासमोर मध्यावर ठेवायचं, आणि काठीचं टोक खांद्यांच्या रुंदीइतकं डावी-उजवीकडं फिरवायचं. उजवा पाय पुढं पडतो तेव्हा टोक डावीकडं टेकतं, डावा पडतो तेव्हा उजवीकडं. म्हणजे पुढच्या पावलाची जागा काठीनं आधीच तपासलेली असते. हे सांगायला दोन वाक्यं लागतात, अंगात मुरायला बरेच आठवडे जातात. शिकवणारा आधी रिकाम्या व्हरांड्यात चालवतो, मग अंगणात, मग गल्लीत, मग नाक्यावर. साताऱ्याचे चढ-उतार, सांगलीत फूटपाथवर लागलेल्या गाड्या, गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि त्यांवरचे कर्णे, यांत कान वापरायला शिकणं हा अभ्यासच आहे. ट्रॅक्टरच्या आवाजात मागून येणारी दुचाकी ऐकू येत नाही, तेव्हा थांबायचं कुठं हेही शिकवावं लागतं.

ज्या दिवशी तो मुलगा एकट्यानं स्टँडवर जातो, कंडक्टरला “मामा, ही इस्लामपूर का?” असं विचारून बसतो आणि आपल्या थांब्यावर उतरतो, त्या दिवशी त्याच्या मनात जे घडतं ते दहा भाषणांनी घडत नाही. समुपदेशनाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. ते फार लागतं. पण कशासाठी? तो स्टँडपर्यंत का जात नाही, तिथं काय होईल असं त्याला वाटतं, त्या दहाच्या नोटेचं काय करायचं, हे त्याच्याशी बोलण्यासाठी. मनाची मोकळीक आणि पायाची मोकळीक एकमेकींना धरून येतात.

दक्षिण महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या विषयाला फार मोठा आणि फार जुना दाखला मिरजेतच आहे. विष्णू दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका चेहऱ्याजवळ उडाला आणि डोळे अधू झाले. उपचारांसाठी त्यांना मिरजेला आणलं. डोळे पूर्ववत झाले नाहीत. पण त्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते, संस्थानिकांचा आश्रय होता, आणि हा मुलगा गाण्याच्या तालमीला बसला. १८९६ साली तो मिरजेतून बाहेर पडला, ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यानं गांधर्व महाविद्यालय उघडलं, स्वरलिपी तयार केली, गाण्याची पुस्तकं छापली. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसानं कानावर चालत आलेलं संगीत कागदावर आणण्याचा ध्यास घेतला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९३१ साली मिरजेतच त्यांचं निधन झालं.

या कथेकडं आपण बघतो ते गायनाचार्यांचं चरित्र म्हणून. मला त्यात दुसरंही दिसतं. ज्या गावात ‘डोळे बरे होणार नाहीत’ हे कळलं, त्याच गावात ‘मग आता पुढं काय’ याचीही सोय होती. दोन्ही गोष्टींत फारसं अंतर पडलं नाही. त्या मुलाला कुरुंदवाडला परत नेऊन ओटीवर बसवलं नाही. गुरू मिळाला, शिस्त मिळाली, बरोबरीची मुलं मिळाली, पहाटे उठायला कारण मिळालं. त्या काळात मानसोपचार हा शब्द रूढ नव्हता, पण मनाला जे लागतं ते सगळं त्या तालमीत होतं.

मात्र पलुस्करांच्या उदाहरणानं नकळत एक नुकसानही झालं आहे, तेही बोललं पाहिजे. मूल आंधळं आहे म्हटलं की आपण त्याच्यापुढं पेटी आणून ठेवतो. “त्याला गाणं शिकवा, देवानं गळा दिला असेल.” ज्याला गाण्यात रस आहे त्यानं जरूर गावं. पण ज्याला हिशेब आवडतो, ज्याला वकील व्हायचंय, ज्याला शेळ्या पाळायच्यात, त्याच्या गळ्यात पेटी का अडकवायची? रॉबर्ट स्कॉट या समाजशास्त्रज्ञानं १९६९ साली असं मांडलं की आंधळ्या माणसाची ‘आंधळेपणाची’ वागणूक बरीचशी शिकवलेली असते. भोवतालची माणसं आणि मदत करणाऱ्या संस्था जशी अपेक्षा ठेवतात तसा तो घडत जातो. नम्र राहा, उपकार माना, गोड गा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, जेव्हा इतर मुलं आईबापांशी भांडून आपलं वेगळेपण शोधत असतात, तेव्हा या मुलाला भांडण्याचीही मुभा नसते, कारण ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच हाताला धरून संडासला जायचं असतं. त्याचा राग आतच राहतो. पालकांनो, तुमचं दृष्टिहीन मूल तुमच्याशी भांडलं तर मनातून समाधान माना. ते वयात येत आहे.

आपल्या सातारा जिल्ह्यात अलीकडचं एक उदाहरण महाबळेश्वरात आहे. भावेश भाटिया यांची दृष्टी पडद्याच्या आजारानं विशीत गेली. मुंबईत नॅबमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अंधजन संघटनेत, ते मेणबत्त्या करायला शिकले. १९९० च्या दशकात महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर त्या विकायला त्यांनी सुरुवात केली. त्यातून ‘सनराइज कँडल्स’ हा उद्योग उभा राहिला आणि कितीतरी दृष्टिहीन माणसांच्या हाताला काम मिळालं. गोळाफेक आणि भालाफेकीसारख्या खेळांतही ते उतरले. मला त्यांच्या गोष्टीत मेणापेक्षा ती हातगाडी महत्त्वाची वाटते. हातगाडीवर माणूस रोज शंभर अनोळखी माणसांशी बोलतो, घासाघीस करतो, फसतो, सावरतो. नजर गेलेल्या माणसानं घरात बसून कच्चा माल करून द्यावा आणि डोळस भावानं बाजारात विकावा, अशी वाटणी त्यांनी स्वीकारली नाही.

अशी माणसं मुलांना भेटावीत. पण त्यांची चरित्रं मुलांच्या डोक्यावर मारू नयेत. “तो बघ, डोळे नसून केवढा उद्योग उभा केला, आणि तू?” हे वाक्य आधार नव्हे. ज्या मुलाला अजून स्वतःचा शर्ट उलटा की सुलटा हे बोटांनी ओळखता येत नाही, त्याला उद्योगपतीपेक्षा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, पेठेतल्या मेसमध्ये जेवणारी, बी.एड. करणारी दृष्टिहीन ताई जास्त उपयोगाची. ताटात भाजी कुठं, भाकरी कुठं हे घड्याळाच्या काट्यांप्रमाणं कसं सांगून घ्यायचं, परीक्षेला लेखनिक कसा शोधायचा, वसतिगृहातल्या टिंगलीला काय उत्तर द्यायचं, रात्री झोप आली नाही तर काय, हे ती सांगू शकते. ती स्वतः त्यातून गेलेली असते, म्हणून तिच्यापुढं रडायलाही लाज वाटत नाही.

झोपेचा विषय निघाला म्हणून दोन गोष्टी इथं सविस्तर सांगते, कारण त्यांच्या अज्ञानानं मुलांचे फार हाल होतात.

आपल्या शरीराचं दिवस-रात्रीचं चक्र डोळ्यांतून आत जाणाऱ्या उजेडावर जुळत असतं. ज्यांना उजेडाचीही जाणीव नसते त्यांच्यापैकी अनेकांचं चक्र चोवीस तासांपेक्षा थोडं मोठं चालतं. रोज काही मिनिटांचा फरक पडत पडत काही आठवड्यांत त्यांची रात्र दिवसात येते. मुलगी रात्रभर जागी आणि वर्गात पेंगते, पुढं काही दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. घरचे म्हणतात आळस. कुणी म्हणतं नैराश्य आहे, गोळ्या द्या. नैराश्यही असू शकतं, पण आधी झोपेची वही ठेवून बघायला हवी: रोज कधी झोप लागली, कधी जाग आली. डॉक्टरांना ती दाखवली तर कारण कळतं आणि त्यावर उपाय असतात.

दुसरी गोष्ट दिसण्याची. नजर कमी होत चाललेल्या काही माणसांना नसलेल्या गोष्टी दिसतात: नक्षी, फुलांच्या वेली, अनोळखी चेहरे, बुटकी माणसं. शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञानं १७६० साली आपल्या आजोबांचा असा अनुभव लिहून ठेवला, म्हणून याला त्याचं नाव आहे. डोळ्यांकडून येणारी चित्रं कमी झाली की मेंदूचा दृष्टीचा भाग आपणच चित्रं तयार करतो. हे वेड नव्हे. म्हाताऱ्यांत ते जास्त आढळतं, पण तरुणांतही होऊ शकतं. आता कल्पना करा, माण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला संध्याकाळी भिंतीवर चेहरे दिसू लागले, तर तो कुणाला सांगेल? सांगितलं तर देवर्षाकडं नेतील, अंगारा लावतील, बाहेरचं लागलंय म्हणतील. म्हणून तो गप्प राहतो आणि आपल्याला वेड लागलं या भीतीनं खंगतो. डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच “पुढं कधी असं काही दिसलं तर घाबरू नकोस, मला सांग” एवढं म्हटलं, तर ती भीती निम्म्यानं कमी होते.

देवधर्माबद्दल कडक बोलायची माझी इच्छा नाही. संकटात माणूस नवस बोलतो. पण आशेच्या मागं धावण्यात मुलाची वर्षं जातात हे खरं आहे. या वैद्याकडून त्या वैद्याकडं, या शहरातल्या जाहिरातीतून त्या शहरातल्या जाहिरातीत, जमीन गहाण ठेवून. या काळात मूल ब्रेल शिकत नाही, फोनचा पडदा वाचून दाखवणारं साधन शिकत नाही, काठी धरत नाही, कारण “दिसायला लागलं की शिकूच की.” संशोधन सुरू आहे, उद्या काही निघालं तर आनंदच आहे. ब्रेल शिकलेल्या मुलाला पुन्हा दिसू लागलं तर त्याचं काही बिघडणार नाही.

मुलींचं वेगळं सांगावं लागतं. मुलाला निदान पुण्याला शिकायला पाठवण्याचा विचार होतो. मुलीला घरात ठेवण्यात तिचं रक्षण आहे असं सगळ्यांना मनापासून वाटतं. आई तिची वेणी घालते, आई तिला वाढते, पाळीच्या दिवसांतही सगळं आईच बघते, आणि वीस-बाविसाव्या वर्षी मुलीला स्वतःचा चहा करता येत नाही. तिचं लग्न होणार नाही हे घरानं गृहीत धरलेलं असतं, म्हणून तिच्यासमोर त्या विषयाचा उच्चार होत नाही. पण धाकट्या बहिणीचं स्थळ बघायला पाहुणे येतात तेव्हा तिला शेजाऱ्यांच्या घरी नेऊन बसवतात. कुणी स्पर्श केला तर तो कसला हे तिला कुणी समजावलेलं नसतं, आणि नको असलेला हात झटकून मोठ्यानं ओरडायचं हेही नाही. आई आजारी पडली की त्या घरात काय होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. याउलट उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं बघा. त्यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या, केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, दृष्टी नाही म्हणून रेल्वेच्या सेवेनं नाकारल्यावर पुन्हा परीक्षेला बसल्या आणि १२४ व्या क्रमांकानं प्रशासकीय सेवेत गेल्या. सगळ्या मुली कलेक्टर होणार नाहीत. पण प्रत्येक मुलीला गॅस पेटवता यावा, नोटा ओळखता याव्यात, एकटीनं आत्याकडं जाता यावं. या तिन्ही गोष्टी शिकवण्यासारख्या आहेत आणि शिकवणारी पद्धत आहे.

कायद्याची बाजू बरीच भक्कम आहे, त्यामुळं ती थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नं चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षण, उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण दिलं, त्यात एक टक्का अंध व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं परीक्षेत लेखनिक आणि ताशी किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दृष्टिहीनांना न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नं मनाच्या उपचारांचा हक्क सगळ्यांनाच दिला. हे कागद मुलाच्या घरापर्यंत पोचवणारा माणूस हवा. लेखनिक मिळेपर्यंत होणारी फरफट, आयत्या वेळी आलेल्या नवख्या मुलाला ‘गुरुत्वाकर्षण’ लिहिता न येणं, आणि त्यातून आलेला परीक्षेचा धसका हा मनाच्या आरोग्याचाच प्रश्न आहे.

यंत्रांनी पुष्कळ केलं आहे. एनव्हीडीए हा संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा मोफत कार्यक्रम ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनीच २००६ साली लिहायला घेतला. साध्या अँड्रॉइड फोनमध्येही टॉकबॅक असतं आणि ते मराठी वाचतं. स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, त्यामुळं बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी स्वतःच्या बोटांनी वाचण्याचा आनंद अनेकांना मिळाला. पण वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे फोटो टाकून हसत असतात तेव्हा फोन अनेकदा ‘इमेज’ एवढंच म्हणतो. एखादा मित्र त्या फोटोखाली दोन शब्द लिहितो. ते दोन शब्द लिहिणारा मित्र असणं हीच त्या वयातली मोठी गरज आहे.

मैत्री होते ती बरोबरीनं काही करताना. सांगली हे बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथं नूतन बुद्धिबळ मंडळ रुजवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं घडवली. दृष्टिहीनांच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक आणि मोहऱ्यांना खाली खुंटी, म्हणजे चाचपताना डाव मोडत नाही. समोर डोळस खेळाडू असला तर दोघं आपापल्या पटावर खेळतात आणि चाल तोंडानं सांगतात. त्या पटावर कुणी कुणाची कीव करत नाही. किशोरवयात दृष्टी गमावलेले चारुदत्त जाधव याच खेळाच्या बळावर उभे राहिले आणि अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. सांगलीच्या प्रत्येक शाळेत असा एक पट असावा असं मला फार वाटतं.

आता माणसं कुठून आणायची? मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या गावांत. शिराळा, पाटण, माण, जत इथल्या मुलाला दर आठवड्याला तिथं जाणं परवडत नाही, आणि एकट्यानं जाता येत असतं तर अर्धा प्रश्न सुटलाच असता. इथं साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेनं रुजवलेली मानसमित्राची कल्पना मला सगळ्यांत जवळची वाटते. प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस, गावातलाच, ऐकून घेतो, भावनिक प्रथमोपचार करतो, आणि गरज असेल तेव्हा तज्ज्ञाकडं पाठवतो. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, रयत शिक्षण संस्थेच्या शाळेतले सर यांच्यातून असे मानसमित्र उभे राहू शकतात. माझी पुढची मागणी अशी की त्यांच्यात काही दृष्टिहीन तरुणही असावेत. मदत घेणाऱ्यानं मदत देणाऱ्याच्या जागी बसणं, यासारखं औषध नाही.

नेत्रतज्ज्ञांना हात जोडून एक विनंती. ‘उपाय नाही’ हे वाक्य तुम्हाला उच्चारावंच लागतं. ते मुलाकडं वळून, त्याचं नाव घेऊन उच्चारा, आणि त्याच कागदावर पुढं कुणाला भेटायचं ते लिहून द्या. शिक्षकांनो, फळ्यावर लिहिताना मोठ्यानं बोला, आणि मूल मागं का पडलं हे वर्गाबाहेर, एकट्याला विचारा. शेजाऱ्यांनो, आधी विचारा, मग हात पुढं करा. त्यानं तुमचा दंड कोपराच्या वर धरावा आणि अर्धं पाऊल मागं चालावं, तुम्ही त्याला ओढू नये.

आणि वाचक, तुमच्या भावकीत, वाडीत, वर्गात असं एक मूल नक्की असेल. या आठवड्यात त्याच्याकडं जा. त्याच्या आईला नको, त्यालाच विचारा, कसा आहेस. तो मरणाची भाषा बोलला तर त्याला गप्प करू नका, एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी तज्ज्ञाकडं न्या. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. दिवसरात्र कधीही फोन लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो क्रमांक त्याच्या फोनमध्ये त्याच्याच हातानं जतन करून घ्या.